आतून उघडणारी डिकी

हबीबचाचाने माझा सौदा बिघडवला, असं मी आजही चारचौघांत सांगतो. एकाच दिवशी दोनदा बिघडवला. पहिल्यांदा नको तिथे बोलून आणि दुसऱ्यांदा नको तिथे गप्प राहून. ऐकणारे हसतात. म्हणतात, “सदाभाऊ, तुमाले गंडवणारा अजून जन्माले यायचा हाय.” ते खरं आहे. शेलूबाजारच्या स्टँडवर फुटाणे विकता विकता मी स्वतःची जीप घेतली. व्यापारी, दलाल, आरटीओचे एजंट, सगळ्यांशी तोंड वाजवून माझा घसा तयार झाला होता. मला कोणी गंडवलं नाही. पण त्या पेटीवाल्याने माझं जे केलं त्याला काय नाव द्यावं, ते अजून मला सापडलेलं नाही.

मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. लग्नाच्या पेट्या, धान्याच्या कोठ्या, पिठाचे डबे. माणूस अगदी बारका. दाढीला मेंदी लावली नसती तर मागून पाहणाऱ्याला तो शाळकरी पोरगा वाटला असता. कान मात्र मोठे, आणि डोळे सतत दाराकडे. दुकानात तो उंबऱ्यावर बसून काम करी, एक पाय आत, एक बाहेर. ऊन आलं तरी आत सरकायचा नाही. तंबूतला सिनेमा आला की तिकीट काढायचा आणि तंबूच्या कनातीला लागून बाहेर उभा राहून नुसता ऐकायचा. घरच्या संडासाला त्याने कडीच ठेवली नव्हती. दाराला सुतळी बांधून ती हातात धरायची आणि कोणी आलं की खोकायचं, असा त्या घरचा रिवाज होता. एसटीत बसायला मिळालं तर दारापाशी, नाहीतर पुढची गाडी. भरलेल्या गाडीत पाय ठेवताना त्याला कोणी पाहिलं नव्हतं.

त्याच्या पेट्यांना एक खोड होती. झाकणाच्या खाली दोन्ही बाजूंना छिद्रांची एक ओळ. आणि कडी अशी वाकवलेली की मुद्दाम बसवल्याशिवाय ती कोयंड्यावर बसतच नसे. लोक कुरकुर करत.

“चाचा, मुंग्या जातेत ना आत!”

“मुंगी जाते म्हणजे हवा बी जाते. खुश राह्य.”

माझी त्याची पहिली गाठ बहिणीच्या लग्नाच्या पेटीवरून पडली. मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. आधी मालाला नावं ठेवायची, मग गप्प बसायचं, मग उठून चालायला लागायचं. मी म्हणालो, “या छिद्रानं माल डागी झाला, चाचा. भाव खाली घ्या.” तो पेटी उघडून म्हणाला, “जरा डोकं घाला आत.” मी वाकून डोकं घातलं. त्याने झाकण हळूच माझ्या मानेपर्यंत आणलं आणि बाहेरून, अगदी कानाशी बोलल्यासारखं म्हणाला, “आता समजा मी कडी लावली आणि चहा प्यायले गेलो. छेद नाई. समजा तुमी ओरडून राह्यले. कोणाले ऐकू येईन?”

मी डोकं बाहेर काढलं तेव्हा माझी बंडी घामाने भिजली होती. त्याने सांगितला तो भाव दिला. गिऱ्हाइकाला घाबरवून भाव टिकवायचा ही कला माझ्या एकट्याकडे आहे, अशी माझी तोवर समजूत होती. फरक एवढाच की मी घाबरवताना स्वतः घाबरत नसे. चाचा घाबरायचा. माझं डोकं बाहेर आलं तसं झाकण सोडून तो उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहिला होता.

आता मोटारीचं सांगतो.

कारंज्याकडच्या एका जिनिंगवाल्या शेठच्या मुलाने मुंबईहून एक विलायती शर्यतीची मोटार आणली होती. बसकी, दोन सीटची, लाल. तिचं इंजिन मागे होतं आणि पुढे, जिथे आपल्या गाड्यांचं इंजिन असतं तिथे, डिकी. मुलाने ती एका बाभळीवर घातली. तो वाचला, गाडीचं नाक गेलं. झाकण चेपलं, डिकीचा तळ फाटला, खटका कुठे उडून गेला ते कोणाला माहीत नाही. मग ती गाडी जिनिंगच्या शेडमध्ये सरकीच्या पोत्यांमागे पडून राहिली. इंजिन मात्र सुरू होत होतं.

अमरावतीच्या एका वकीलसाहेबांना जुन्या गाड्यांचा नाद होता, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या शेतावर दोन जीपगाड्या होत्या. एक जवळपास नवी आणि एक लष्कराच्या लिलावातली म्हातारी. मी त्यांना गाडी दाखवली. त्यांचे डोळे लकाकले. म्हणाले, “नाक सरळ करून द्या. आणि मी गाण्याला जातो, तर पुढच्या डिकीत माझा हार्मोनियम आणि तबला नीट बसला पाहिजे. झाकण घट्ट लागलं पाहिजे. तसं झालं तर माझी नवी जीप तुमची.”

माझ्याकडची जीप मी शेठला दिली आणि ती मोडकी मोटार घेतली. म्हणजे ज्या गाडीवर माझ्या घराची चूल पेटत होती ती गेली आणि दारात एक लाल, नाक फुटलेलं जनावर आलं. बायको पदर तोंडाला लावून बघत राहिली. म्हणाली, “हे वकिलानं नाई घेतलं तर?” मी तिच्यावर खेकसलो.  शेलूबाजारच्या स्टँडवर इंझोरीचे, मंगरूळचे माझे पॅसेंजर दुसऱ्यांच्या जीपमध्ये चढत होते आणि मी समोरच्या माझ्या घराच्या फाटकापाशी उभा राहून ते पाहत होतो.

अकोल्याच्या बॉडीवाल्यांनी तारखांवर तारखा सांगितल्या. मला थांबायला वेळ नव्हता. मी विचार केला, पत्रा तो पत्रा. आणि हबीबचाचाला घेऊन आलो.

त्याने गाडीला एक चक्कर मारली. मागचं झाकण उघडून इंजिन पाहिलं, पुढचं उघडून रिकामी जागा पाहिली आणि खूश झाला. “ही तर पेटी हाय, सदाभाऊ! पेटीले चाकं लावले कोणीतरी.” लगेच फुशारकी. “या पत्र्याचं काम इथून हैदराबादपर्यंत माझ्यासारखं कोणी करून दाखवावं.” मग तो वाकला आणि खटक्याच्या जागी लोंबणारी तार त्याने बोटात धरली. ही तार ड्रायव्हरच्या पायापाशी जात होती. तिथून ओढलं की झाकण उघडायचं.

“म्हणजे हे फक्त बाहेरून उघडते?”

“हो.”

“आत कोणी राह्यलं तर?”

“डिकीत कोण राह्यते, चाचा?”

“कोठीत बी कोणी राह्यत नाई,” तो म्हणाला आणि तार सोडून दिली. “आतून उघडणारा खटका बसवू देत असान तर काम घेतो. नाईतर तुमची गाडी तुमाले मुबारक.”

मी खूप तोंड वाजवलं. सामानाच्या जागेला आतून खटका कशाला, लोक हसतील, वकील हसेल. चाचा उठून चालायला लागला. माझीच युक्ती माझ्यावर. मी हात धरून परत आणला.

कोठीचं ते बोलणं मला तेव्हा कळलं नाही. पुढे त्याच्या घरी काही हत्यारं आणायला गेलो तेव्हा चाचीला विचारलं. तिने चहाचं भांडं खाली ठेवलं आणि सांगितलं. हबीब लहान असताना त्याच्या उस्तादाची काम करायची एक रीत होती. नवी कोठी तयार झाली की बारक्या पोराला आत बसवायचं आणि झाकण लावायचं. अंधारात बसलेल्या पोराला जिथे उजेड दिसेल तिथे त्याने आतून ठोकायचं. उस्ताद बाहेरून तिथे डाग देऊन छेद बुजवायचा. एकदा वैशाखात झाकण पडलं आणि कडी आपोआप कोयंड्यावर बसली. उस्ताद नमाजला गेला आणि तिथून कोणाकडे तरी बोलत बसला. कोठी उन्हात होती.

“बाहेर काढलं तवा बोटं सोलून निघाले होते,” चाची म्हणाली. “उस्ताद हसला म्हणते. म्हणला, याले पाणी पाजा. तवापासून हे असे. माझ्या लग्नाच्या दिवशी बी दाराजवळ बसले. मले वाटलं, पळून जातेत का काय.”

म्हणूनच चाचा आपल्या कोठ्या तपासायला कोणाला आत बसवत नसे. तो धुरावर तपासायचा. आत शेगडीत लोबान टाकून झाकण लावायचं आणि कुठून धूर निघतो ते पाहायचं. गाडीच्या डिकीचा तळ जोडून झाला तसं त्याने तेच केलं. पेट्रोलची टाकी त्या डिकीतच असते, पण ती आम्ही काढून, धुऊन, दूर लिंबाखाली ठेवली होती. नेमका बाजाराचा दिवस. गाडीच्या नाकातून, दिव्यांच्या भोकांतून पांढरा धूर निघायला लागला आणि कोणीतरी ओरडलं, “सदाभाऊची मोटर पेटली!” वांगी, मिरच्या सोडून लोक पळाले. एका शहाण्याने हौदातून बादली भरून आणली आणि नव्या रंगावर ओतली. दुसऱ्याने माती टाकली. मी शिव्या देत धावत होतो. चाचा मात्र धुरात डोळे चोळत ओरडत होता, “थांबा रे! मले पाहू द्या कुठून निघून राह्यला!” लोबानाचा वास इतका सुटला होता की एक म्हातारी हात जोडून उभी राहिली.

रंग पुन्हा द्यावा लागला. त्या रंगासोबत चाचाने न विचारता आणखी एक गोष्ट केली. झाकणाच्या आतल्या बाजूला, लग्नाच्या पेटीवर काढतात तसा, हिरवा निळा मोर काढला. मी डोक्यावर हात मारला.

“हे कायले? बंद झाल्यावर अंधारात कोण पाह्यते?”

“खटका दाबला की उजेड येते, सदाभाऊ. उजेड आला की पह्यले मोर दिसला पाह्यजे.”

असा माणूस. त्याच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी भाव करणं.

गाडी जोडून झाली तसं मी तिला मंगरूळच्या रस्त्यावर काढलं. चाचा शेजारी. काच खाली, हात दाराच्या मुठीवर. हार्मोनियमच्या जागी मी ज्वारी भरलेली एक लाकडी पेटी ठेवली होती. गाडी काय पळत होती! जमिनीला पोट लावून पळणारी ती वस्तू आणि दोन्ही बाजूंना तुरी. मी पहिल्यांदाच शीळ घातली. पुलाजवळ एक कापसाची बैलगाडी आडवी आली. मी जोरात ब्रेक दाबला, गाडी वाचवली आणि पुन्हा वेग घेतला.

आणि समोरचा रस्ता गेला.

एक धाडकन आवाज झाला आणि जिथे रस्ता होता तिथे लाल पत्रा उभा राहिला. झाकण वाऱ्याने उचलून काचेवर आदळलं होतं. ते काचेच्या बाजूने बिजागरीवर फिरतं, नाकाकडून उघडतं, त्यामुळे वाऱ्याला तेवढंच हवं होतं. मला काही दिसेना. समोर कुठेतरी पुलाचा कठडा होता, मागून एक ट्रक येत होता. माझे हात स्टिअरिंगवर गोठले. 

चाचाने कमरेपर्यंत अंग खिडकीबाहेर काढलं. “एकदम ब्रेक नका मारू,” तो म्हणाला. दुकानात भाव सांगावा इतक्या शांत आवाजात. “मागं ट्रक हाय. सरळ धरा. सरळ. आता जरासं डाव्या अंगाले. आणखी. कठडा गेला. आता हळू. हळू. बस.”

गाडी एका बाभळीच्या सावलीत थांबली. ट्रकवाला आईबहिणीवरून शिव्या देत पुढे गेला. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. चाचा खाली उतरला, दोन पावलं चालला आणि मटकन मातीत बसला.  

थोड्या वेळाने उठून त्याने डिकीत पाहिलं. ज्वारीची पेटी सरकून पुढे आली होती आणि तिचा कोपरा त्याच्या आतल्या खटक्यावर टेकला होता. खटका ढकलला की झाकण सुटायचं. पेटीने तो ढकलला होता.

“अरे बाप्पा,” तो म्हणाला. “पेटीतलं सामान कधी पळत नाई, सदाभाऊ. मले काय मालूम गाडीतलं पळते म्हणून.”

त्यावर मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्याजोगं नाही. तो ऐकत उभा राहिला. मी थकल्यावर म्हणाला, “सामान ढकलते. ओढत नाई. ओढते फक्त माणसाचा हात.” आणि घरी जाऊन त्याने खटका उलटा केला. आता आत चामड्याचा एक पट्टा लोंबत होता, चुन्याने पांढरा केलेला. तो ओढल्याशिवाय झाकण सुटत नव्हतं. वर नाकाशी आणखी एक आकडा बसवला, म्हणजे खटका सुटलाच तरी झाकण बोटभर उचलून तिथेच अडकावं. पट्टा पूर्ण ओढला तरच दोन्ही सुटायचं.

मी त्याला बजावलं, “झालं ते झालं. वकिलासमोर याचा शब्द काढायचा नाई.” त्याने मान हलवली. मान हलवणं म्हणजे कबूल करणं, असं आमच्या धंद्यात धरतात.

ठरल्या दिवशी वकीलसाहेब नवी जीप घेऊनच आले. सोनेरी चष्मा, तोंडात पान, मागे ड्रायव्हर आणि हार्मोनियम. त्यांनी डिकी उघडली. मोर पाहून मोठ्याने हसले. “वा! हा तर आमच्या आधीच मैफलीला येऊन बसला!” हार्मोनियम ठेवून पाहिला, तबला ठेवून पाहिला. झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. घट्ट. पट्टा पाहून त्यांनी भुवया उंचावल्या आणि तो बोटाने हलवून सोडून दिला. मी त्यांच्या जीपकडे पाहत होतो. नव्या टायरांवरची नक्षीसुद्धा झिजली नव्हती. वकीलसाहेबांनी हात पुढे केला. मी माझा पुढे केला.

“वकीलसाहेब,” चाचा फाटकातून म्हणाला. नेहमीसारखाच तो एक पाय आत, एक बाहेर असा उभा होता. “एक बात हाय. हे झाकण एकदा उडालं होतं.”

वकीलसाहेबांचा हात मागे गेला.

“चाचा!” मी ओरडलो.

“आता नाई उडत,” चाचा घाईघाईने म्हणाला. “पण उडालं होतं. यायले मालूम पाह्यजे ना, सदाभाऊ. हे बायकोले घेऊन बसतीन.”

“तुमाले कोणी विचारलं होतं का?”

“नाई.”

“मग काहून बोलले?”

“नाई विचारलं म्हणूनच.”

वकीलसाहेबांनी पान थुंकलं. सगळी हकिगत काढून घेतली. वकीलच तो. मग म्हणाले, “आता उडणार नाही याची खात्री काय?”

 माझी नजर जीपच्या टायरांवर होती. ती जीप माझ्यापासून दूर जात आहे असं वाटायला लागलं, जागची हललेली नसताना.

चाचाने फाटकाबाहेरचा पाय आत घेतला. 

“मी बसतो आत,” तो म्हणाला. “तुमी पळवा. झाकण उडालं तर तुमाले दिसनच. नाई उडालं तर परत आल्यावर मी आतून उघडून बाहेर येतो. मग तर झालं?”

वकीलसाहेबांना गंमत वाटली. त्यांना चाचा माहीत नव्हता. “ठीक,” ते म्हणाले. “सदाभाऊ चालवतील, मी शेजारी बसेन. पुलापर्यंत पूर्ण वेगाने आणि परत. तसं झालं तर ही जीप तुमची. पण मध्येच थांबलात, सदाभाऊ, तर तुमचाच तुमच्या मालावर भरवसा नाही असं मी धरीन. मग ही नाही, ती जुनी जीप. कबूल?”

मला नाही म्हणायचं होतं. सौद्यासाठी नाही, चाचाच्या चेहऱ्यासाठी. तो पिठासारखा पांढरा झाला होता. मी त्याला बाजूला नेलं. “चाचा, मरान तुमी आत. सोडा.”

“मी ठोकत राह्यतो,” तो म्हणाला. “टकटक आवाज येत राह्यला म्हणजे समजा ठीक हाय.”

हार्मोनियम काढला. चाचाने चपला काढून फाटकाशी नीट जोडून ठेवल्या, टोपी त्यांच्यावर ठेवली. मग डिकीत चढला आणि गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर आडवा झाला. तेव्हा कळलं की उस्तादाने त्यालाच कोठीत का बसवलं असेल. त्या जागेत दुसरा माणूस मावला नसता. त्याची नजर मोरावर होती. ओठ हलत होते. मी झाकण धरून उभा राहिलो. मला ते खाली घेता येईना.

“घ्या ना,” तो म्हणाला. मी हललो नाही तसं त्याने स्वतःच हात वर करून झाकण ओढलं. खटका बसला. खट्.

आतून आवाज आला. टक टक टक.

मी गाडी काढली. समोरच्या पत्र्यातून ठोकणं स्पष्ट ऐकू येत होतं. मी वेग वाढवला. तुरी मागे पळायला लागल्या. झाकण हललं नाही. वाऱ्याने ते थरथरत होतं आणि प्रत्येक थरथरीला माझा पाय आपोआप ब्रेककडे जात होता. वकीलसाहेब खुशीत होते. “पक्कं आहे हो!” ते म्हणाले. टक टक टक. माझे कान त्या आवाजाला चिकटले होते. रस्ता, जीप, वकील, सगळं त्या आवाजाच्या मागे गेलं होतं.

पूल दिसायला लागला. आणि ठोकणं थांबलं.

मी वाट पाहिली. काही नाही. इंजिनाचा आवाज, वारा. मी हाताने समोरचा पत्रा ठोकला. काही नाही.

“चाचा!”

“पूल तर आलाच,” वकीलसाहेब म्हणाले. “तिथून वळवा.”

आत पेट्रोलचा वास असेल. ऊन होतं. पत्रा तापला असेल. मला ती उन्हातली कोठी दिसायला लागली, जी मी कधी पाहिली नव्हती. पट्टा त्याच्या हाताला सापडला नसेल. हात अडकला असेल. मला चाचीचं चहाचं भांडं दिसलं. पूल अगदी समोर होता, ढेकूळ फेकलं तर पोचेल एवढ्यावर.

मी ब्रेक दाबला.

पायापाशी झाकणाची तार होती, ती ओढायचंही मला सुचलं नाही; दार उघडून मी धावलो. माझा पाय घसरला, गुडघा फुटला. मी नाकापाशी पोचतो तोच खट् आवाज झाला आणि झाकण आपोआप वर आलं. आधी मोर आला, मग त्याच्या खाली चाचा. घामाने असा भिजलेला की कोणी विहिरीतून काढला असावा. डोळे मिचकावत माझ्याकडे पाहत होता.

“आला का पूल?” त्याने मान उचलून पाहिलं. “नाई ना अजून! काहून थांबले?”

“तुमी ठोकणं काहून बंद केलं?”

तो गोंधळला. मग त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, जसं मी त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

“उजेड पाह्यत होतो, सदाभाऊ. चारी कोपरे पाह्यले. हात फिरवला. कुठंच नाई. सुईएवढा बी छेद नाई.” तो पट्टा धरून उठून बसला. “ठोकायचं भुलूनच गेलो.”

वकीलसाहेब खाली उतरले होते. त्यांनी पुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “गाडी मी घेतो,” ते म्हणाले. “उत्तम काम आहे. पण सौदा म्हणजे सौदा, सदाभाऊ.”

“बरोबर हाय,” चाचा डिकीतून म्हणाला.

मी त्या दोघांना काय काय बोललो ते त्या तुरींनी ऐकलं. काही उपयोग झाला नाही. नवी जीप ड्रायव्हरने परत अमरावतीला नेली आणि पुढे लष्कराची म्हातारी माझ्या दारात आली. तिला थंडीत धक्का दिल्याशिवाय सुरू होणं माहीत नव्हतं. प्रत्येक धक्क्याला मी हबीबचाचाचं नाव घेत होतो.

त्या दिवशी मी त्याला मंगरूळला सोडायला गेलो नाही, कारण माझ्याकडे सोडायला गाडी नव्हती आणि असती तरी सोडलं नसतं. तो हत्यारांची पिशवी घेऊन स्टँडवर उभा राहिला. मी चहाच्या टपरीवर पाठ करून बसलो. एसटी आली ती खच्चून भरलेली. दारापर्यंत माणसं दाटली होती. हा आता पुढच्या गाडीची वाट पाहत बसेल, मी मनात म्हटलं, बसू दे. पण वळून पाहिलं तर चाचा चढत होता. माणसांच्या काखांखालून घुसून तो आत गेला, पिशवी ओढून घेतली आणि स्वतःच्या हाताने दार लावून घेतलं. कंडक्टरने घंटी दिली.

पुढच्या उन्हाळ्यात चाची त्याला मुलीकडे बुऱ्हाणपूरला घेऊन गेली आणि तो तिथेच वारला, त्यामुळे मी त्याला शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. गाडी माझ्या समोरून गेली. गर्दीत त्याचा चेहरा दिसला नाही. फक्त मागच्या काचेजवळ, इतरांच्या खांद्यांमधून वर आलेला एक बारका हात दिसला. तो एसटीच्या पत्र्यावर आतून ठोकत होता. टक टक टक. मला ऐकू यावं म्हणून.

आता ठोकून काय उपयोग, म्हणून मी तोंड फिरवलं. पण गाडी वळणाआड जाईपर्यंत चहा तसाच हातात धरून मी तो आवाज ऐकत होतो.